दिवाळी अंक शिमग्याला का पोचतो? वाचकांचे प्रश्न, टपालकाकांची उत्तरं

मागच्या महिन्यात मी जाता जाता एक ओळ लिहून गेलो की अंक फाटतो तो पोस्टात कमी आणि आपल्या ओटीवर बांधतानाच जास्त, आणि त्यावर एवढी पत्रं आली की संपादकताई म्हणाल्या, काका, आता तुम्हीच निस्तरा. म्हणून यावेळचं सगळं पान त्यालाच. मासिकं, दिवाळी अंक, सोसायटीचे अहवाल, कॅटलॉग, थोडक्यात जे चपटं असतं, मोठं असतं आणि शेकड्याने जातं ते बांधायचं कसं आणि भरायचं कशात. एकतीस वर्षं मी सॉर्टिंगच्या खणांपुढे उभा राहिलोय, गुडघे तिथेच गेले, तेव्हा जे लिहितोय ते ऐकीव नाही.

प्रश्न : काका नमस्कार. आमच्या वाचनालयाचं मासिक आहे, साधारण ८०० प्रती पोस्टाने जातात. ६४ पानी, ए-फोर साइज, मधे पिना मारलेल्या. आम्ही ५०-५० चे गठ्ठे सुतळीने बांधून पोत्यात भरतो. तक्रारी नेहमीच्याच, कोपरे दुमडलेत, वरचा अंक सुतळीने कापलाय, आणि काहींना अंक महिन्याने मिळतो. आमचं चुकतंय कुठे? (वाचनालयाच्या कार्यवाह, चिपळूण)

वहिनी, आधी गठ्ठ्याचं वजन बघूया, कारण तिथेच अर्धं उत्तर आहे. ८० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम भरणारा, ए-फोर कागद पाच ग्रॅमचा असतो. ६४ पानं म्हणजे ३२ कागद, म्हणजे १६० ग्रॅम, वर जाड कव्हर धरा, एक अंक १८० ग्रॅमच्या आसपास गेला. असे ५० म्हणजे नऊ किलो, आणि उंची जवळजवळ वीतभर. आता एवढा उंच गठ्ठा एका सुतळीवर उभाय आणि समोरचा माणूस तो रात्री अडीच वाजता उचलतोय, तो कुठे धरून उचलणार? सुतळीलाच ना! सुतळी सरकली की वरचे पाच अंक गेलेच. २५ चा करा. साडेचार किलो होतो, एका हातात मावतो, आणि माणसाच्या हातात मावणारी वस्तू माणूस फेकत नाही, ठेवतो. हे मी माझ्या हाताला विचारून सांगतोय.

दुसरं, पिना मारलेल्या अंकाची घडीची बाजू फुगलेली असते आणि उघडी बाजू पातळ. सगळे अंक एकाच बाजूला घडी करून रचले की ढीग उताराचा होतो, कौलारू छपरासारखा, आणि उतारावरचा माल घसरणारच. मग काय करायचं, बोटभर जाडीचा गठ्ठा एका दिशेने, पुढचा तेवढाच अर्धा फिरवून, परत पहिल्यासारखा. लक्षात घ्या, फिरवायचा म्हणतोय मी, पालथा नाही करायचा. पत्ता प्रत्येक अंकाचा वरच हवा, फक्त काहींचा डोक्याकडून आणि काहींचा पायाकडून वाचावा लागेल, तेवढं सॉर्टरला चालतं. पालथा अंक मात्र त्याला गठ्ठा फोडून हाताने सरळ करावा लागतो आणि तेव्हा तो तुमच्या नावाने जे बोलतो ते मी छापायला देऊ शकत नाही. पाठीला गोंद लावून बांधलेले जाड अंक असले तर ही फिरवाफिरव लागत नाही, ते आपोआप सपाट बसतात.

मग बांधणं. खाली एक पुठ्ठा, वर एक पुठ्ठा, अंकापेक्षा मोठा नको, बरोबर तेवढाच. आधी लांबीकडून एक फेरा, मग रुंदीकडून एक, अधिकच्या खुणेसारखा. एकच फेरा म्हणजे न बांधल्यातच जमा. सुतळी असेल तर ती पुठ्ठ्यावरच आवळली जाईल, अंकाला लागणार नाही, आणि जमलं तर सुतळी सोडाच, आंब्याच्या खोक्यांना मारतात ती प्लॅस्टिकची पट्टी आणि हाताने ओढायचं मशीन एकदाच घेऊन ठेवा, ते वर्षानुवर्षं चालतं. रबर बँड अजिबात नको. कोकणच्या हवेत तो आधी चिकट होतो आणि मग टकटक तुटतो.

बांधून झालं की माझी परीक्षा. गठ्ठा कमरेएवढ्या उंचीवरून खाली सोडायचा, एकदा सपाट, एकदा कडेवर, एकदा कोपऱ्यावर. मग एका पट्टीला धरून उचलून हलवायचा. आतला एकही अंक बोटभर बाहेर आला तर परत बांधायचा. पहिल्या दिवशी घरातले हसतील. हसू दे.

आता महिन्याने मिळतो त्याचं. हे मला वाटतं पिनकोडचं आहे, आणि हा भाग जरा लांबेल. आपला पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला, श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी ही पद्धत बसवली, आणि शाळेत शिकवतात तसं पहिले तीन आकडे म्हणजे सॉर्टिंगचा जिल्हा. लोक काय करतात, तीन आकड्यांवर गठ्ठे करतात आणि मोकळे होतात. पण आपल्याकडे ते फसतं हो! ४१५ म्हणजे रत्नागिरी समजून तुम्ही गठ्ठा बांधलात, त्यात चिपळूण ४१५६०५ आहे, दापोली ४१५७१२ आहे, बरोबर. पण सातारा ४१५००१ आणि कराड ४१५११० हेपण त्यातच! मधे अख्खा कुंभार्ली घाट. खाली सिंधुदुर्गात तर अजून मजा, ४१६ मधे मालवण ४१६६०६ आणि कोल्हापूर ४१६००१ एकत्र, आणि रत्नागिरी जिल्ह्यातलं लांजा ४१६७०१ आणि राजापूर ४१६७०२ हे ४१५ मधे नाहीतच, ते ४१६ मधे. चौथा आकडा बघितलात की बरंचसं सुटतं. ४१५६, ४१५७, ४१५८ हे आपल्या बाजूचे. पण ४१६५ ला चौथ्या आकड्यावरही विसंबू नका, गडहिंग्लज ४१६५०२ आणि सावंतवाडी ४१६५१०, घाटाच्या वर आणि घाटाच्या खाली. रायगडवाल्यांचंही तेच, अलिबाग ४०२२०१, पनवेल ४१०२०६ आणि उरण ४००७०२, एकाच जिल्ह्याचे तीन तोंडवळे.

तर मिसळीचा गठ्ठा ज्या ऑफिसात जातो तिथे तो फोडावा लागतो, आणि फुटलेल्या गठ्ठ्यातला सुटा अंक हा पोरका. त्याला कोणी मुद्दाम टाकत नाही, पण तो पोत्याच्या तळाशी राहतो, टेबलाखाली जातो, दुसऱ्याच कुणाच्या कॅटलॉगात शिरतो. माझ्या नोकरीत एका ऑफिसात, नाव नको, दिवाळीच्या आठवड्यात एक गठ्ठा हातात सुटला आणि साठ-सत्तर अंक जमिनीवर पसरले, आम्ही सगळे गोळा केले अशी आमची समजूत, आणि शिमग्याच्या आधी साफसफाईला लोखंडी कपाट हलवलं तर मागे तीन अंक उभे. पत्ते नीट, अंक नवाकोरा. मीच पुढे पाठवले. त्या माणसांनी काय समजायचं ते समजून घेतलं असेल.

म्हणून वहिनी, यादी कॉम्प्युटरवर असेल तर सहाच्या सहा आकड्यांवर लावा. एका पिनकोडचे सहा-सात अंक झाले की त्यांचा वेगळा गठ्ठा, बारीक असला तरी चालेल. उरलेले तालुक्याचे, त्यातून उरलेले जिल्ह्याचे. प्रत्येक गठ्ठ्यावर लेबल, त्यावर पिनकोड मोठा, बाकी काय लिहाल ते लहान.

प्रश्न : पोतं बरं की प्लॅस्टिकचा क्रेट? आमच्याकडे दोन मतं आहेत आणि दोघं बोलत नाहीयेत. (छापखानावाले, कुडाळ)

बोलायला लागा, कारण दोघंही बरोबर आहात.

पोत्याचा गुण एकच, पण मोठा आहे. रिकामं झालं की घडी करून काखेत मारता येतं. परतीच्या गाडीत शंभर पोती एका कोपऱ्यात बसतात, त्यांना भाडं नाही पडत. पण चपट्या वस्तूसाठी पोतं म्हणजे शिक्षा. पोतं गोल, अंक चौकोनी. भरताना नीट रचलेले गठ्ठे पोतं उचललं की मधे गोळा होतात, कडा एकमेकांत घुसतात, आणि पोतं ओढत नेलं की तळाचा गठ्ठा लादीवर घासत जातो. शिवाय पोत्यातून गठ्ठा काढायचा तर हात घालून चाचपून ओढावा लागतो, विहिरीतून घागर काढल्यासारखा, म्हणून बरेच जण पोतं सरळ उलटं करतात. तिथेच गठ्ठा फुटतो. मी म्हणेन निम्म्याहून जास्त गठ्ठे मी फुटलेले बघितले ते बांधायच्या चुकीने आणि पोतं उलटं करायच्या सवयीने मिळून, नुसतं एकाने नाही.

क्रेटात गठ्ठा सपाट बसतो, लेबल वरून दिसतं, एकावर एक चढवता येतात. पण क्रेट परत यायला हवा! तुमचे वीस क्रेट गेले आणि अकरा आले की नवव्या महिन्यात तुम्ही परत पोत्यावर येणार. दुसरं म्हणजे अर्धा भरलेला क्रेट हा पोत्यापेक्षा वाईट, आत गठ्ठे नाचतात. रिकामी जागा रद्दीच्या गुंडाळ्यांनी दाबून भरायची, किंवा अंक कडेवर उभे रचायचे फायलींसारखे, पण मग शेवटचा अंक घट्ट बसेपर्यंत भरायचे, नाहीतर ते वाकतात आणि वाकलेला अंक परत सरळ होत नाही.

माझा निकाल असा. छापखान्यातून पोस्टाच्या काउंटरपर्यंत, जिथे तुमचा टेम्पो जातो आणि तोच परत येतो, तिथे क्रेटच. पुढच्या प्रवासाचं तुमच्या हातात नाही, तिथे पोतं येणार हे गृहीत धरूनच गठ्ठा बांधा. आणि क्रेट घेताना एकात एक बसणारे घ्या. एका दिशेने ठेवले की चढतात आणि अर्धं फिरवले की एकमेकांत घुसतात असे मिळतात, रिकामे परत आणताना तिसरा हिस्सा जागा लागते. तळाला भोकं असलेले हवेत, पाऊस आत गेला तर बाहेरही जायला हवा. भरताना दोन माणसांना उचलायला लागेल एवढा भरू नका, एका माणसाचा भरा, कारण एसटीच्या डिकीपाशी एकच माणूस असतो.

प्रश्न : गावाक वर्गणीदार आसत, सगळे म्हणतत अंक इलो पण भिजान इलो. प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले तर? (मालवण)

घाला, पण दोन गोष्टी बघून. प्रेसमधून आलेला अंक ओलसर असतो, हात लावून कळत नाही, पण असतो. शाई वाळली नसेल आणि तुम्ही तो लगेच पिशवीत कोंडलात तर एका पानाची शाई समोरच्या पानावर उठते आणि आत वाफ धरते. एक रात्र तरी पंख्याखाली मोकळे ठेवा, जमिनीवर नको, फळ्यांवर. आपल्या जांभ्याच्या घरात पावसाळ्यात जमीन स्वतःच पाणी सोडते, सकाळी तळाचा गठ्ठा कडांना लाटांसारखा झालेला असतो. तो परत सपाट करायचा उपाय मला तरी अजून सापडला नाही.

दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही. पिशवीतले अंक एकमेकांवरून घसरतात, टोपलीतल्या बांगड्यांसारखे. कागदाला कागद धरून राहतो, प्लॅस्टिकला प्लॅस्टिक धरत नाही, त्यात प्रत्येक पिशवीत थोडी हवा, मग पट्टी आज घट्ट वाटते आणि उद्या हवा बसली की सैल. म्हणून पिशवीवाल्या अंकांचा गठ्ठा लहान ठेवा, पंधरा-वीसचा, रचून झाला की वर फळी ठेवून त्यावर जरा बसा, खरंच बसा, हवा जाऊ दे, मग बाहेरून पारदर्शक फिल्मचे चार वेढे आणि त्यावर पट्ट्या. नुसत्या पट्ट्यांवर पिशवीवाला गठ्ठा पाठवू नका. पिशवी घालायची नसेल तर निदान अख्ख्या गठ्ठ्याला बाहेरून फिल्म मारा, तेवढ्याने तुमचं बरंच काम होईल आणि स्वस्तातही पडेल. खाडीपलीकडच्या शाखा डाकघरात थैला कसा जातो ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहितेय, त्यामुळे जूनपासून अंक फिल्मशिवाय काढूच नका.

प्रश्न : काका, माझा जावई अमेरिकेत छापखान्यात आहे. तो म्हणतो तिकडे पोस्टाचे नियमच असे की गठ्ठा फुटूच शकत नाही. खरं का? (गुहागर)

फुटतो, तिकडेही फुटतो. गठ्ठे फुटण्यावर त्यांच्या पोस्टाने आणि छापखानेवाल्यांनी बसून कितीतरी डोकं लढवलंय. पण जावयांचं एक खरं, तिकडे नियम आकड्यात आहेत. आपण ज्याला चपटं टपाल म्हणतो त्याला ते फ्लॅट म्हणतात, म्हणजे १५ इंच बाय १२ इंच आणि पाऊण इंच जाडीपर्यंतचं. त्याहून मोठं झालं की ते पार्सलात जातं. गठ्ठा २० पौंडांच्या वर नको, म्हणजे आपले नऊ किलो. म्हणजे चिपळूणच्या वहिनींचा जुना गठ्ठा तिकडच्या काट्यावर अगदी काठावर पास झाला असता, पण पुढे नापास, कारण इंचभरापेक्षा उंच गठ्ठ्याला कमीत कमी दोन पट्ट्या किंवा फिल्म लागते आणि वहिनींची सुतळी एक. भरलेलं पोतं ७० पौंडांपर्यंत, साधारण ३२ किलो. मासिकांना एका झिपकोडचे, म्हणजे तिकडच्या पिनकोडचे, सहा अंक झाले की वेगळा गठ्ठा. वर मी सहा-सात म्हटलं ते तिथूनच उचललंय, चांगली गोष्ट कुठूनही घ्यावी.

त्यांचा झिपकोड १९६३ चा, आपल्यापेक्षा नऊ वर्षं आधीचा, आणि १९८३ ला त्यात आणखी चार आकडे लावले, म्हणजे नुसतं पोस्ट ऑफिस नाही तर त्यातली गल्ली-इमारतसुद्धा आकड्यात आली. आणि तुम्ही जेवढं आधीच लावून आणाल तेवढा पोस्टेज कमी, हा त्यांचा खरा हुकमी पत्ता. छापखानेवाला नियम पाळतो तो पोस्टाच्या प्रेमाने नाही, पैसे वाचतात म्हणून पाळतो. मोठे छापखाने पोत्यात भरतच नाहीत, सगळे गठ्ठे लाकडी पॅलेटवर रचून वरून फिल्म गुंडाळून फोर्कलिफ्टने चढवतात. जावयांना सांगा फोटो पाठवा पॅलेटचा, मला बघायचाय खालच्या थरात ते गठ्ठे कसे अडकवतात, विटांसारखे सांधा मोडून की सरळ.

प्रश्न : पत्ते मराठीत छापले तर चालतात का? (देवरुख)

महाराष्ट्रात बिनधास्त. राज्याबाहेर जाणाऱ्यांवर इंग्रजी किंवा हिंदी पण टाका. पिनकोड मात्र शेवटच्या ओळीत एकटा, मोठा, गावाच्या नावात घुसडलेला नको. आणि इंकजेटवर लेबलं काढू नका, पहिल्या सरीला निळा ओघळ होतो. लेझरवर काढा. पत्ता घडीच्या बाजूला लावा.

प्रश्न : माझ्याकडे मच्छीचे जुने क्रेट आहेत, दहा-बारा, धुऊन घेतलेत. अंक भरायला वापरू का? (हर्णै)

अरे बाबा, मापाने ते उत्तम, मजबूत पण असतात. पण धुतले म्हणजे वास गेला असं नसतं, प्लॅस्टिक वास धरून ठेवतं आणि कागद तो दुप्पट धरतो. सोडा घातलेल्या पाण्यात एक दिवस बुडवून ठेव, मग चार दिवस कडक उन्हात, मग आत एक जुनं वर्तमानपत्र टाकून वरून झाकून रात्रभर ठेव आणि सकाळी ते वर्तमानपत्र आईच्या नाकाशी धर. तुझ्या नाही, तुझं नाक सरावलेलं असणार. ती गप्प राहिली तर भर अंक. नाहीतर मे संपला की आंबेवाल्यांचे क्रेट रिकामे पडलेले असतात, गणपतीपर्यंत त्यांना कोणी विचारत नाही. त्यातलेच दहा मागून बघ. त्यांचा वास लागला तरी वर्गणीदार तक्रार करणार नाहीत.